आर्थिक प्रश्नोत्तरे : लाउडन काउंटीत आता घर घ्यावे का?

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून अमेरिकेत व्हर्जिनियातील लाउडन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) अ‍ॅशबर्न येथे भाड्याच्या घरात राहतो. मी एच-वन-बी व्हिसावर असून माझ्या कंपनीची बरीचशी कामे फेडरल (केंद्र सरकारच्या) खात्यांची आहेत. पत्नी एच-फोर या, माझ्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावरील परवान्याने नोकरी करते. साडेसात लाख डॉलरांचे एक टाउनहाउस (शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेले घर) आम्हाला पसंत पडले आहे. डेटा सेंटरांमुळे (इंटरनेटची माहिती साठवणाऱ्या संगणक-केंद्रांमुळे) लाउडन काउंटी इतकी संपन्न झाली आहे की येथील घरांच्या किमती आता पडणारच नाहीत, असे परिचित सांगतात. घर घ्यावे का?
– एक वाचक, अ‍ॅशबर्न

उत्तर : परिचितांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते काउंटीच्या तिजोरीपुरते. सरासरी कौटुंबिक उत्पन्नाच्या बाबतीत लाउडन अनेक वर्षे अमेरिकेत अग्रस्थानी किंवा त्याच्या जवळ राहिली आहे. डेटा सेंटरांमधील संगणकयंत्रणेवर काउंटी कर आकारते आणि या उत्पन्नामुळेच घरांवरील कराचा दर तिला सातत्याने खाली आणता आला. 2012 मध्ये दर शंभर डॉलर मूल्यामागे 1.235 डॉलर असलेला हा दर 2025 मध्ये 0.805 डॉलर झाला. मात्र घराचे मूल्यांकन दरवर्षी बाजारभावाने नव्याने होते, त्यामुळे दर उतरूनही कराची रक्कम तितक्या प्रमाणात उतरत नाही.

तिजोरी भरलेली असणे आणि रहिवाशांच्या नोकऱ्या सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. डेटा सेंटर उभे राहत असताना गवंडी, वीजतंत्री, अभियंते अशा अनेकांना काम मिळते, पण ते सुरू झाल्यावर त्याच्या अवाढव्य इमारतीत मोजकीच माणसे लागतात. येथील असंख्य कुटुंबांचे पगार प्रत्यक्षात फेडरल सरकार, त्याचे कंत्राटदार आणि डलस विमानतळाच्या परिसरातील तंत्रज्ञान कंपन्या यांच्यावर अवलंबून आहेत. 2025 मध्ये फेडरल नोकऱ्या आणि कंत्राटे यांत मोठी कपात झाली, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून निधी मंजूर न झाल्याने बंद पडलेले फेडरल सरकारचे कामकाज 43 दिवस ठप्प राहिले. शिवाय डेटा सेंटरांची वाढही आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. 2022 मध्येच पूर्व लाउडनमध्ये वीज वाहून नेणाऱ्या तारांची क्षमता अपुरी पडू लागली होती आणि मार्च 2025 मध्ये काउंटीच्या मंडळाने ठरवले की नवी केंद्रे आपोआप मंजूर होणार नाहीत, प्रत्येक प्रस्तावावर स्वतंत्र सुनावणी होईल.

मग घरे इतकी महाग का राहिली आहेत? एक कारण जमिनीचे आहे. काउंटीचा पश्चिमेकडील सुमारे दोन-तृतीयांश भाग ग्रामीण म्हणून राखलेला असून तेथे दाट वस्तीला परवानगी नाही. पूर्वेकडे घरबांधणीला डेटा सेंटरांशी जागेसाठी स्पर्धा करावी लागते, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये वॉशिंग्टन मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आल्यापासून स्थानकांजवळच्या जागेची ओढ वाढली आहे. दुसरे कारण व्याजदराचे. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता, तर ऑक्टोबर 2023 मध्ये तो 7.79 टक्क्यांवर गेला. स्वस्त कर्ज हाती असलेली माणसे घर विकून महागडे कर्ज घ्यायला तयार नसतात, म्हणून विक्रीला घरे कमी येतात आणि किमती टिकून राहतात. परंतु टिकून राहणे म्हणजे कधीच न पडणे नव्हे. 2006 नंतरच्या मंदीत याच काउंटीत, विशेषतः स्टर्लिंग परिसरात, घरांचे भाव कोसळले होते आणि अनेक घरे बँकांनी ताब्यात घेतली होती.

आता तुमचा हिशेब पाहू. वीस टक्के रक्कम स्वतःजवळची घातली तर कर्ज सहा लाखांचे होईल. साडेसहा टक्के व्याज धरल्यास त्याचा मासिक हप्ता सुमारे 3,792 डॉलर येतो. हेच कर्ज पावणेतीन टक्क्यांनी मिळाले असते तर तो 2,450 च्या आत राहिला असता. त्यात 2025 च्या दराने मालमत्ता कराचे महिन्याला सुमारे 503 डॉलर, विमा आणि टाउनहाउस वसाहतीचे मासिक शुल्क मिळवावे, आणि तसल्याच घराच्या भाड्याशी या बेरजेची तुलना करावी.

मला खरी काळजी वाटते ती व्हिसाची. तुमच्या घरात दोन पगार दिसत असले तरी दोन्हींचा आधार एकच व्हिसा आहे. तुमची नोकरी गेली तर दुसरा नियोक्ता शोधण्यासाठी साधारणपणे 60 दिवसच मिळतात, आणि तुमचा दर्जा संपला की पत्नीचा काम करण्याचा हक्कही संपतो. अशा वेळी घाईने घर विकायचे तर दलाली आणि इतर खर्चांत घातलेल्या पैशांचा मोठा भाग जातो. म्हणून घर घ्यायचेच असेल तर एका पगारात हप्ता भागेल असे लहान घर पाहावे आणि खरेदीनंतरही वर्षभराचा खर्च बाजूला उरेल इतकी शिल्लक ठेवावी. हे आज जमत नसेल तर आणखी काही काळ भाड्याने राहण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : माझा मुलगा याच काउंटीत घर घेत आहे. त्याला सुरुवातीच्या रकमेसाठी आमची कोथरूडची राहती सदनिका विकून पैसे पाठवावेत का?
– एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : राहते घर विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी बचत असेल तर तुम्हाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, परंतु भेट म्हणून पाठवलेल्या अशा पैशांवर वर्षाला दहा लाख रुपयांपुढील रकमेस बँक 20 टक्के कर आगाऊ वसूल करते. तो विवरणपत्रात वळता किंवा परत मिळतो. मुलाच्या कर्जदात्याला, ही रक्कम परतफेडीची नाही, असे तुमचे पत्र लागेल, आणि एका वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम मिळाल्यास मुलाला ती अमेरिकी करखात्याला फॉर्म 3520 भरून कळवावी लागेल.