पेलेट स्टोव्ह घराच्या मानाने फार मोठा आहे. सगळ्यात कमी पॉवरवर ठेवूनही खोली तापते. काय करता येईल?

आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर देतो: हवा कमी करू नका. तो उपद्व्याप माझा करून झालाय.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा. घर घेतलं तेव्हाच त्यात ११ किलोवॅटचा पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारा) बसवलेला होता. बैठकीची खोली मध्यम आकाराची. पॉवर १ वर, थर्मोस्टॅट १९ वर, तरी संध्याकाळपर्यंत खोली २७ अंशांवर जाते आणि भर थंडीत खिडकी उघडून बसावं लागतं. आतल्या खोल्या मात्र गारच. म्हणून विचारलंय, हवा थोडी दाबली तर आग मंदावेल का?

आमचा ९ किलोवॅटचा आहे, आमच्या घरालाही मोठाच. पहिल्या थंडीत मी मेनूत शिरून धूर ओढणाऱ्या पंख्याचा वेग दोन पायऱ्या खाली आणला. ज्वाळा लांब आणि आळशी झाली, रंग गडद नारिंगी, शेंड्याला काळपट. दोन दिवसांत काच खालच्या कोपऱ्यांपासून काळी होत वर चढली. पॉटच्या, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्याच्या, तळाशी राखेचा असा खडा बसला की स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढावा लागला. तिसऱ्या सकाळी स्टोव्ह पेटायलाच तयार नाही, कारण हवा यायची भोकंच त्या खड्याखाली बुजली होती. आणि एवढं करून खोलीचं तापमान? जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक.

स्टोव्ह किती उष्णता देणार हे मुख्यतः ऑगर (पेलेट पुढे सरकवणारा स्क्रू) ताशी किती पेलेट पॉटमध्ये टाकतो यावर ठरतं. हवेचं काम ते पेलेट नीट जाळण्याचं. हवा कमी केली तरी पेलेट तेवढेच पडतात, फक्त अर्धवट जळतात. न जळलेला भाग काजळी होऊन काचेवर, धुरांड्यात आणि पंख्याच्या पात्यांवर बसतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइड वाढतो. (त्याचा अलार्म घरात नसेल तर हे उत्तर पुढे वाचायच्या आधी तो मागवा.)

आता मूळ दुखणं. पेलेट स्टोव्ह आपल्या कमाल ताकदीच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत खाली येतो, त्याच्या खाली आग धड टिकत नाही. म्हणजे ११ किलोवॅटचा स्टोव्ह १ नंबरवरही तीन-साडेतीन किलोवॅट उष्णता देत राहणार. तुमच्या घराला त्या वेळी दोनच किलोवॅट हवे असतील तर उरलेली उष्णता जाणार कुठे?

हे अंदाजावर सोडू नका, मोजा. बाथरूममधला वजनकाटा पुरतो. हॉपर (स्टोव्हमधली पेलेटची टाकी) काठोकाठ भरा, स्टोव्ह १ नंबरवर सहा तास चालवा, मग पुन्हा तेवढाच काठोकाठ भरा. पोत्याचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्या. माझे सहा तासांत ४.२ किलो गेले, म्हणजे ताशी ०.७ किलो. चांगल्या कोरड्या पेलेटच्या एका किलोत साधारण ४.८ युनिट ऊर्जा असते, त्यातली दहा टक्के धुराबरोबर गेली असं धरा. हिशेब येतो ताशी ३ युनिट, म्हणजेच ३ किलोवॅट. हा झाला माझ्या स्टोव्हचा तळ.

मग घराची भूक मोजली. एक अख्खा दिवस स्टोव्ह हाताने चालू-बंद करत घर २० च्या आसपास राखलं. बाहेर सरासरी ८ अंश होते. चोवीस तासांत ९ किलो पेलेट लागले. त्याच हिशेबाने ३९ युनिट, भागिले चोवीस तास, म्हणजे सरासरी १.६ किलोवॅट. आतबाहेर फरक होता १२ अंशांचा, तेव्हा एका अंशाला सुमारे १३५ वॅट पडले. याच हिशेबाने ३ किलोवॅट सतत खपायचे तर आतबाहेर २२ अंशांचा फरक हवा. बाहेर उणे २ झाल्याशिवाय आमचा स्टोव्ह अखंड चालवण्यात अर्थच नाही! बाहेर ८ असताना तो १ नंबरवर दिवसरात्र ठेवला तर घर तिशीला टेकेल. तुमची २७ अंशांची तक्रार बहुधा याच गणितातली आहे, स्टोव्हमध्ये बिघाड नसावा.

म्हणून इलाज एकच: त्याला बारीक जाळत ठेवायचं नाही, गरज भागली की बंद करायचं.

आणि इथेच तुमच्या थर्मोस्टॅटचं कोडं सुटतं. पुष्कळ स्टोव्हमध्ये मूळ सेटिंग असं असतं की ठरवलेलं तापमान आलं की स्टोव्ह विझत नाही, फक्त किमान पॉवरवर उतरतो. तुमचा आधीच किमान पॉवरवर आहे. मग थर्मोस्टॅट १९ वर ठेवा नाहीतर १५ वर, त्याला उतरायला पायरीच उरलेली नाही. मेनूत ‘इको’, ‘स्टँडबाय’, ‘ऑटो ऑफ’ असल्या नावाची सोय शोधा. ती चालू केली की तापमान ठरावीक अंशांनी वर गेल्यावर स्टोव्ह स्वतःहून विझतो आणि खोली पुरेशी गार झाली की पुन्हा पेटतो. आमच्याकडे ही सोय बंद करून ठेवलेली होती आणि बसवणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माहितीपुस्तिकेच्या कुठल्यातरी मागच्या पानावर सापडली.

ती चालू केल्यावर लगेच दुसरी भानगड सुरू होते, स्टोव्ह सारखा पेटतो-विझतो. एकदा पेटायचं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढा वेळ पेटवणारी कांडी तीनेकशे वॅट वीज खाते आणि झिजते, सुरुवातीला धूरही जास्त होतो. विझतानाही पंखे बराच वेळ फिरून त्याला गार करतात. दिवसातून दोन-चार वेळा पेटला तर मला काही वाटत नाही. दहा-बारा वेळा पेटत असेल तर चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर वाढवा. आमचा १८.५ ला पेटतो आणि २१.५ ला विझतो. अर्ध्या अंशाच्या अंतरावर तो दिवसभर उठाबशा काढायचा. ‘तीन अंशांचा चढउतार जाणवत नाही का?’ असं विचाराल. जाणवतो, पण २७ अंशांत घामाघूम होण्यापेक्षा बरा. शिवाय घरात दगडी फरशी किंवा जाड विटांच्या भिंती असतील तर त्या उष्णता धरून ठेवतात, स्टोव्ह विझल्यावरही तापमान थोडं चढतच राहतं. अशा घरात बंद होण्याचा आकडा एखादा अंश खालीच ठेवावा.

तापमान कुठे मोजलं जातं तेही बघा. पुष्कळ स्टोव्हचा सेन्सर म्हणजे मागच्या बाजूला जमिनीलगत लोंबणारी एक छोटी वायर असते. तिथे गार हवा सरपटत येते, म्हणून स्टोव्हला वाटतं खोली अजून गारच आहे. काही वेळा तीच वायर स्टोव्हच्या अंगाला चिकटलेली असते, मग उलटा घोळ. तुमच्या मॉडेलला चालत असेल तर भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट लावा: बसता त्या बाजूला, छातीच्या उंचीवर, स्टोव्हची थेट धग लागणार नाही अशा ठिकाणी.

हे जमलं की पॉवर १ चा हट्ट सोडा. ऐकायला विचित्र वाटेल, पण थंडी सौम्य असताना मी स्टोव्ह मधल्या पॉवरवर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी अडीच-तीन तास चालवतो, बाकी वेळ बंद. मधल्या पॉवरवर ज्वाळा उजळ पिवळी आणि चपळ असते, पॉट स्वच्छ राहतो, काच आठवडाभर पुसावी लागत नाही. सतत १ नंबरवर ठेवलेला स्टोव्ह आतून काजळतोच. कडाक्याच्या थंडीत तो १ वर सलग चालवायची वेळ आली, तरी दिवसातून एकदा अर्धा तास मधल्या पॉवरवर नेतो.

आता आतल्या गार खोल्या. बैठकीत २७ आणि झोपायच्या खोलीत १६ असेल, तर स्टोव्ह मोठा असण्याइतकीच उष्णता एका जागी साचण्याचीही अडचण आहे. सगळे जण पंखा स्टोव्हपाशी ठेवून गरम हवा आत ढकलायला जातात. उलटं करा. छोटा टेबल फॅन गार खोलीच्या दारात जमिनीवर ठेवा, तोंड स्टोव्हच्या दिशेला. गार हवा जड, ती खालून सहज सरकते, आणि तिची जागा घ्यायला गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप आत येते. खात्री करायची तर चौकटीच्या वरच्या पट्टीला टिश्यू पेपरची बारीक पट्टी चिकटवा. पंखा लावल्यावर आमच्याकडे ती गार खोलीच्या बाजूला फडफडायला लागली तेव्हा घरच्यांचा विश्वास बसला. दोन तासांत ती खोली १६ वरून साडेअठरावर आली आणि बैठक दोन अंशांनी उतरली. वेग सगळ्यात कमी ठेवा, वादळ नकोय.

स्टोव्हचा स्वतःचा, खोलीत गरम हवा फेकणारा पंखा मात्र बंद करू नका. कमी उष्णता यावी म्हणून काहीजण तसं करतात. उष्णता मग धुरांड्यातून वाया जाते, स्टोव्हचं अंग तापतं आणि सुरक्षेचा स्विच त्याला मध्येच बंद पाडतो. पंख्याशिवाय चालण्यासाठी बनवलेली मॉडेल वेगळी असतात.

ऑगरचं प्रमाण पाच-दहा टक्क्यांनी कमी करायची सोय काही मेनूंमध्ये असते. पेलेट कमी आणि हवा त्याला साजेशी, असं तंत्रज्ञाकडून करून घेतलंत तर किमान पॉवर किंचित खाली येते. किंचितच. त्याहून कमी केलं तर आग मध्येच विझते. आणखी एक बारकावा: ऑगर पेलेट वजनावर टाकत नाही, आकारमानावर टाकतो. आखूड पेलेट स्क्रूमध्ये दाटीने बसतात, म्हणून त्याच १ नंबरवर ते जास्त वजनाने पडतात आणि जास्त तापवतात. पोतं बदलल्यावर खोली अचानक जास्त तापायला लागली तर पेलेटची लांबी बघा, स्टोव्हला दोष देण्याआधी.

आणि खोली फार तापली म्हणून कधीही प्लग उपटू नका. धूर ओढणारा पंखा थांबतो, पॉटमधले पेलेट जळतच असतात आणि धूर खोलीत येतो. मी एकदा केलंय. पडद्यांचा वास महिनाभर गेला नव्हता. बंद करायचा तो बटणानेच, आणि मग त्याला त्याच्या गतीने विझू द्यायचं.

स्टोव्ह बदलायचा का, हा विचार तुमच्या डोक्यात असणारच. आधी दोन्ही वजनं घ्या. तुमच्याकडच्या नेहमीच्या थंडीत स्टोव्हचा तळ घराच्या भुकेच्या दुपटीच्या आत असेल, तर वर सांगितलेल्या गोष्टींवर निभावेल, आमचं निभावतंय. तिप्पट-चौपट निघाला तर बदललेला बरा. तेव्हा दुकानदार ‘किती किलोवॅटचा देऊ?’ विचारेल. तो बोलत असतो कमाल आकड्याबद्दल. तुम्ही त्याला विचारा, किमान किती?