फिजीच्या २० वर्षांखालील मुलींवर २०२४च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये २९ गोल का झाले? इतक्या लहान बेटांना प्रवेश द्यावाच का?

द्यावाच. आणि हा प्रश्न भारतीयाने विचारावा याचा मला त्रास होतो. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. भारताला यजमान म्हणून थेट जागा होती, शिबिरं झाली, परदेश दौरे झाले. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. तीन सामन्यांत १६ गोल खाल्ले, केला एकही नाही. तेव्हा १४० कोटींच्या देशाला कुणी 'तुम्ही कशाला आलात' असं विचारलं नाही. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, आणि त्या मुली पात्रता स्पर्धा खेळून आल्या होत्या. कोलंबियात झालेल्या त्या २०२४च्या स्पर्धेत संघांची संख्या १६ वरून २४ झाली, ओशनियाला (न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांच्या फुटबॉल विभागाला) दोन जागा मिळाल्या आणि २०२३ च्या खंडीय स्पर्धेतून न्यूझीलंडसोबत फिजी गेला. त्यांच्या महिला फुटबॉलचा कुठल्याही वयोगटातला हा पहिलाच वर्ल्ड कप. गटात ब्राझील, कॅनडा, फ्रान्स. अनुक्रमे ०-९, ०-९, ०-११.

आता 'का'. शरीरयष्टी कमी पडते हे उत्तर चूक आहे. याच देशाच्या मुलींनी टोकियो ऑलिंपिकमध्ये रग्बी सेव्हन्सचं कांस्यपदक घेतलं. वेग आणि ताकद तिथे आहे, पण ती आधी रग्बीकडे आणि नेटबॉलकडे जाते. फुटबॉलला उरलेल्या मुलींना कमी पडतात ते वेगवान, अटीतटीचे सामने. फ्रान्सची मुलगी दर आठवड्याला तिच्या तोडीच्या किंवा सरस मुलींशी खेळते. बेटावरच्या मुलीला तसा सामना हवा तर विमान पकडावं लागतं.

अशा संघावर गोल कुठून होतात? पहिली जागा स्वतःची गोलकिक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्या गोलसमोरून मारायची किक. २०१९ च्या नियमबदलानंतर गोलकिकचा चेंडू पेनल्टी बॉक्समध्येच घेता येतो, आणि तेव्हापासून 'मागून छोट्या पासने चाल बांधत खेळा' हा मंत्रच झाला आहे. दोन सेंटर-बॅक (मधल्या बचावपटू) गोलकीपरच्या दोन्ही बाजूंना, फुलबॅक (कडेच्या बचावपटू) थेट टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेवर, सगळा संघ ६० मीटर रुंदीत पसरलेला. समोरचा संघ तीन मुली वर पाठवतो, दोन सेंटर-बॅकवर आणि एक मधल्या मिडफिल्डरवर. पास पोचतो, पहिला टच पायापासून मीटरभर लांब जातो आणि चेंडू गोलपासून १५-२० मीटरवर समोरच्या संघाकडे जातो. तेव्हा बचावाला मध्ये कुणीच नसतं. दहा मिनिटांत हे दोनदा झालं की सामना संपला.

दुबळ्या संघाने गोलकिक लांबच मारावी, ती अशी. सगळ्यांनी एकाच टचलाइनकडच्या ३०-३५ मीटरच्या पट्ट्यात यायचं. या वयातल्या बऱ्याच गोलकीपरची किक जेमतेम ३५-४० मीटर जाते, म्हणून पट्टा तेवढ्याच अंतरावर लावायचा, हाफलाइनवर नाही. एकीने उडी घ्यायची, दोघींनी तिच्या मागे आणि एकीने पुढे सेकंड बॉलसाठी, म्हणजे उडीनंतर सुटून पडणाऱ्या चेंडूसाठी, थांबायचं. चेंडू गमावला तरी तो गोलपासून ४० मीटरवर असतो आणि सात-आठ जणी त्याच्या मागे असतात. सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, रोज १२-१५ किक असा सराव करायचा.

इथल्या मुलींच्या स्पर्धांमध्ये प्रशिक्षकांशी माझा वर्षानुवर्षं हाच वाद आहे. 'लांब मारून मुली काय शिकणार?' असं ते म्हणतात. दबावाखाली चेंडू घ्यायला मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षी शिकते, चार विरुद्ध दोनच्या छोट्या चौकोनात, हजारो वेळा. ते शिकवलं नसेल तर सतरा-अठराव्या वर्षी ब्राझीलसमोर ते तिच्याकडून करून घेणं म्हणजे प्रशिक्षकाने स्वतःची हौस भागवणं. त्यात मुलीचं काही भलं नाही.

दुसरी जागा फार पोस्ट, म्हणजे चेंडूपासून लांबचा गोलखांब. ५-४-१ मध्ये (मागे पाच बचावपटू, त्यांच्यापुढे चौघी, पुढे एक) मागच्या दोन ओळींतलं अंतर ८-१० मीटर हवं आणि दोन्ही ओळी मिळून चेंडूच्या बाजूला सरकायला हव्यात. हे बहुतेकींना जमतं. चुकते ती पलीकडची विंग-बॅक, म्हणजे पाचांतली कडेची बचावपटू. तिची नजर चेंडूवर खिळते आणि धाव तिच्या पाठीमागून येते. चेंडू प्रत्येक वेळी हलला की खांद्यावरून मागे बघायचं आणि शरीर अर्धं वळवून उभं राहायचं, हे सरावात ओरडून ओरडून अंगी बाणवावं लागतं. गोलकीपर पाच फूट तीन इंचाची असली तरी गोल ७.३२ बाय २.४४ मीटरचाच असतो. त्यामुळे क्रॉसला (कडेवरून गोलसमोर येणाऱ्या चेंडूला) अर्धवट बाहेर येऊन थांबणं सगळ्यात घातक. तिच्यासाठी वेगळा प्रशिक्षक हवाच, हा खर्च वाचवू नये. उंचावरच्या मैदानावर तर आणखी पंचाईत. कोलंबियातल्या यजमान शहरांपैकी बोगोटा सुमारे २६०० मीटरवर आहे, तिथे विरळ हवेत चेंडू जास्त वेगाने येतो आणि समुद्रकाठच्या गोलकीपरचा अंदाज चुकतो. जमल्यास दहा-बारा दिवस आधी पोचावं.

तिसरी जागा म्हणजे गोल खाल्ल्यानंतरची पाच मिनिटं. त्यासाठी किकऑफची ठरलेली चाल हवी: चेंडू मागे, तिथून समोरच्या कोपऱ्यात लांब, आणि सगळ्या पुन्हा आपल्या जागी. बदली खेळाडू पाच मिळतात, पण तीनच थांब्यांमध्ये. विंग-बॅक आणि बाजूच्या मिडफिल्डर सर्वांत जास्त धावतात, त्यांना साठाव्या मिनिटाच्या आत बदलावं. दमलेल्या मुलीला 'अजून थोडं' म्हणत ठेवणारे प्रशिक्षक तिच्या गुडघ्याशीही खेळतात. फिफा ११+ चा (दुखापती टाळण्यासाठीच्या व्यायामांचा) २० मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा, ही अट मी सोडत नाही.

तोडीच्या मुली मिळत नसतील तर १५ वर्षांखालील मुलांच्या चांगल्या संघाशी दर आठवड्याला सामना लावा. वेग तिथे मिळतो आणि विमानाचं भाडं लागत नाही.

अशा पराभवानंतरही संघ उभा राहतो. ओशनियातल्याच पापुआ न्यू गिनीने २०१६ मध्ये याच वयोगटाचा वर्ल्ड कप भरवला, ब्राझीलने त्यांना ०-९ हरवलं. २०२२ मध्ये त्यांच्या वरिष्ठ महिला संघाने फिजीची राजधानी सुव्यात अंतिम सामन्यात फिजीलाच २-१ हरवून ओशनियाचा करंडक घेतला. मात्र त्या स्पर्धेत न्यूझीलंड नव्हता, हे लक्षात ठेवा. शिवाय फिजीवरचे सगळे २९ गोल वर सांगितलेल्या जागांवरूनच झाले असं माझं म्हणणं नाही. लांब गोलकिकने ब्राझीलला हरवताही येत नाही. ०-९ चं ०-४ होतं, आणि ऐंशीव्या मिनिटालाही मुली एकमेकींना हाका मारत, जागा धरून खेळत असतात.