पुतळी आधी उलटी करून पाहावी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बर्मिंगहॅमच्या बाजारात पाहिलेल्या रॉयल डोल्टन या इंग्रजी चिनी मातीच्या कंपनीच्या लाल झग्यातील पुतळीचे छायाचित्र पोहोचले. तिच्या चेहऱ्यावर तू भाळला आहेस हे उघड आहे. तरीही पैसे देण्यापूर्वी तिला उलटी करून तळ वाच.

तळावरची ‘एचएन’ ही अक्षरे म्हणजे कंपनीच्या बर्स्लेम येथील कारखान्यात पुतळ्यांचे रंगकाम सांभाळणाऱ्या हॅरी निक्सन यांची आद्याक्षरे. १९१३ साली राणी मेरीने तेथे भेट दिली, तेव्हा चार्ल्स वाइझ यांनी घडवलेले झोपेच्या झग्यातील मूल पाहून तिने काढलेल्या उद्गारावरूनच त्या पुतळीचे नाव ‘डार्लिंग’ पडले आणि तिला एचएन १ हा क्रमांक मिळाला. नवखे संग्राहक या क्रमांकावरून त्या नगाचे वय काढू पाहतात आणि तेथेच फसतात, कारण क्रमांक घाटाचा व रंगसंगतीचा असतो. लेस्ली हॅराडाइन यांनी घडवलेली ‘टॉप ओ द हिल’ ही पुतळी लाल झग्यात एचएन १८३४, तर हिरव्या झग्यात एचएन १८३३ आहे. शिवाय ती लाल पुतळी १९३७ पासून कित्येक दशके निघत राहिली. वयासाठी सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी बारीक आकडा आहे का ते पाहा. असल्यास त्यात १९२७ मिळव. आकडा ११ असेल, तर नग १९३८ चा. शिक्क्यावरच मुद्दाम ओढलेला ओरखडा दिसला, तर तो दुय्यम प्रतीचा माल समजावा.

मग मान, बोटे आणि टोपीची कड. मी एकदा मान जोडलेली पुतळी अखंड समजून पूर्ण किमतीला घेतली होती. रंग इतका बेमालूम होता की अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली धरल्यावरच जोड वेगळा चमकला. मूळ झिलई बोटाला थंड व काचेसारखी लागते, वरून मारलेला रंग किंचित उबदार लागतो. हा स्पर्श सवयीनेच कळतो.

उंचीही मोज. भट्टीत माती साधारण एक अष्टमांश आक्रसते, त्यामुळे तयार पुतळीवरून साचा काढून केलेली नक्कल मूळ नगापेक्षा हमखास बुटकी निघते. (तळाचे लहान छिद्र भाजताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून असते, धुताना त्यात पाणी जाऊ देऊ नकोस.)

तळाचे छायाचित्र व उंची कळव. तोवर ती विकली गेली तरी हळहळू नकोस, हा घाट पुन्हा सापडतो.

तुझा,
काका