डायल-अप (फोनच्या लाइनवरून मोडेमने जोडायचं इंटरनेट) कनेक्शन लागतं, पण सारखं तुटतं. मोडेमच्या सेटिंगमध्ये काय बदलू?

आधी तुटण्याची वेळ बघा. काहीही डाउनलोड चालू नसताना दर वेळी ठरावीक मिनिटांनी तुटत असेल, तर मोडेमला हात लावू नका. विंडोज एक्सपीत त्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडा, ऑप्शन्स टॅबमध्ये रिकामं पडल्यावर किती वेळाने फोन ठेवायचा ते लिहिलेलं असतं. तिथे 'नेव्हर' निवडा. तरीही ठरल्या वेळी तुटलं, तर पलीकडून सेवा देणाराच तोडतोय. त्याला तुमच्याकडे इलाज नाही.

तुटण्याला काही धरबंध नसेल, तर संशय लाइनवर. त्याच लाइनला साधा फोन जोडा, एक आकडा दाबून डायल टोन थांबवा आणि कान देऊन ऐका. खरखर ऐकू आली तर समांतर जोडलेले फोन आणि लांबलचक एक्स्टेन्शनची वायर काढून मोडेम थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. अर्धी दुखणी इथेच बरी होतात, आणि लोक मात्र ड्रायव्हर बदलत बसतात.

आता सेटिंग. कंट्रोल पॅनेलमध्ये 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स', तिथे मोडेमच्या प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड टॅब. तिथल्या जादा कमांडच्या चौकटीत 'एस१०=५०' टाका, अर्थात रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. समोरच्या मोडेमचा सूर नाहीसा झाल्यावर आपल्या मोडेमने किती थांबायचं, हे एस१० ठरवतं. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. बऱ्याच मोडेममध्ये तो मुळात १४ असतो, म्हणजे जेमतेम १.४ सेकंद; कॉल वेटिंगच्या एका टोननेही कनेक्शन जाऊ शकतं. ५० केल्यावर पाच सेकंद मिळतात. २५५ मात्र करू नका. अनेक मोडेम मग लाइन गेलेली ओळखतच नाहीत आणि मेलेलं कनेक्शन धरून बसतात.

एवढ्याने भागलं नाही तर वेग उतरवा. व्ही.९० आणि व्ही.३४ या मोडेमच्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धती. व्ही.९० पद्धतीत डाउनलोडला ५६ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला ५६ हजार बिट) मजल जाते, पण त्यासाठी लाइन फार स्वच्छ लागते. व्ही.३४ची कमाल ३३.६, पण खराब लाइनवर ती जास्त तग धरते. बऱ्याच मोडेमना त्यासाठी त्याच जादा कमांडच्या चौकटीत '+एमएस=व्ही३४' (हेही रोमन अक्षरांत) चालतं; चिपप्रमाणे कमांड बदलते, म्हणून मोडेमची पुस्तिका बघून घ्या. माझ्या मते न तुटणारे ३३.६ हे तुटणाऱ्या ५० पेक्षा केव्हाही परवडतात, कारण पुन्हा डायल करण्यात आणि अर्धवट फाइल पहिल्यापासून उतरवण्यात सगळा फायदा जातो.

पोर्ट स्पीड १,१५,२०० वरून खाली आणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो आकडा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला आहे, फोनच्या लाइनशी त्याचा संबंध नाही. एरर कंट्रोलही बंद करू नका. खरखरीत बिघडलेला डेटा तेच पुन्हा मागवून घेतं.

एका वेळी एकच बदल करा. मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या डायग्नोस्टिक्स टॅबमधला लॉगही बघत राहा: फोन विंडोजने ठेवला की समोरचा सूर गेला, ते त्यात नोंदलेलं असतं.