मेसियाँ यांच्या संगीतात शार्ङ्गदेवाचे ताल आहेत, मग ते ऐकू का येत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: काही वर्षं तबला शिकताय, ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच रचनाकारांनी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातले देशी ताल वापरले असं वाचलं, म्हणून त्यांचं 1941 सालचं ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’ (चार वाद्यांसाठीची रचना) ऐकलं, आणि एकही ताल हाती लागला नाही.

तुम्ही सम आणि ठेका शोधत असणार. त्या दोन्ही गोष्टी तिथे नाहीतच. मेसियाँ (1908–1992) हे ताल कुठल्या पखवाजियाकडे बसून शिकले नव्हते. लाव्हिन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशात ग्रोसे नावाच्या अभ्यासकाने शार्ङ्गदेवाच्या 120 देशी तालांचा तक्ता दिला होता. मेसियाँ यांना सापडला तो हा तक्ता: क्रमांक, नाव आणि कालमूल्यं. बोल नाहीत, खाली-भरी नाही, आवर्तन कसं धरायचं तेही नाही. शार्ङ्गदेव देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. तेराव्या शतकात आपल्याकडे लिहिलेला ग्रंथ विसाव्या शतकात पॅरिसला पोचला तो असा, आकड्यांच्या रूपात.

त्या आकड्यांतून त्यांनी जे काढलं ते मात्र फार मोलाचं आहे. कालमूल्यांची नावं अशी: लघु एक धरला तर द्रुत अर्धा, गुरु दोन, प्लुत तीन. द्रुताला किंवा लघूला विराम लागला की त्याची लांबी निम्म्याने वाढते. मेसियाँ यांचं ‘वाढीव मूल्य’ याच्याशी थेट जुळतं: सरळ चाललेल्या लयीत कुठेतरी एक छोटा स्वर, छोटी विश्रांती किंवा एखाद्या स्वराला टिंब (पाश्चात्य लेखनात लांबी निम्म्याने वाढवणारी खूण) जोडायचं. म्हणजे 2 2 2 2 ऐवजी 2 2 1 2 2. तबलजीचा हात इथे हमखास चुकतो. तो जादा 1 घेतो आणि पुढच्या स्वरातून तेवढं कापून हिशेब जुळवतो, कारण समेवर यायची सवय असते. इथे काहीही परत करायचं नाही. वाढलेलं वाढलेलंच राहतं.

क्वार्टेटचा सहावा भाग यासाठीच ऐका. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो, चौघेही शेवटपर्यंत एकच ओळ वाजवतात, त्यामुळे लपायला जागा नाही. वाजवणाऱ्यांसाठी मेसियाँ यांनी प्रस्तावनेत सूचना दिली आहे: सुरुवातीला मनात सर्वांत छोटं मूल्य मोजत बसा, पण मैफिलीत ते मोजणं सोडा, नाहीतर वादन जड होतं. ऐकणाऱ्यालाही हेच लागू. मात्रा मोजू नका, मात्रेचा चौथा हिस्सा मोजा आणि दोन-चारदा ऐकल्यावर तेही थांबवा.

दुसरी गोष्ट उलटसुलट सारखी असणारी लय. देशी तालांत ‘ढेङ्की’ आहे: गुरु, लघु, गुरु. शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ पाठ केलं असेल तर हा आपला र-गण, गा ल गा. मागून वाचा, तोच येतो. ज-गणही तसाच, ल गा ल. मेसियाँ यांना या ढेङ्कीचं विलक्षण आकर्षण होतं. त्यांनी तो नमुना लांबवला: दोन्ही बाजूंना एकमेकांची आरशातली रूपं आणि मध्ये एक मोकळं मूल्य.

सुरांतही त्यांचा हाच शोध आहे. पेटी असेल तर पांढरी 1 ला सा धरून वाजवा: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि. म्हणजे पांढरी 1, काळी 1, काळी 2, पांढरी 3, काळी 3, पांढरी 5, पांढरी 6, काळी 5. आता सा उचलून काळी 2 वर न्या आणि त्याच अंतरांनी वाजवा. पट्ट्या त्याच येतात! हा त्यांचा दुसरा मोड, म्हणजे ठरावीक अंतरांचा स्वरसमूह. तो फक्त तीनच ठिकाणांहून वेगळा वाजतो, चौथ्यांदा पहिलाच परत येतो. असे सात मोड त्यांनी 1944 च्या आपल्या तंत्रावरच्या पुस्तकात मांडले. याला राग समजू नका. वादी-संवादी नाही, चलन नाही, फक्त स्वरांचा साठा आहे.

आता क्वार्टेटचा पहिला भाग. पियानोत तुमचे ताल खरोखर आहेत: रागवर्धन, चन्द्रकला आणि लक्ष्मीश एकामागून एक जोडून 17 कालमूल्यांची माळ केली आहे. तिच्यावर 29 स्वरसंघातांची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) दुसरी माळ फिरते. 17 संपले की लय पुन्हा पहिल्यापासून, पण स्वरसंघात अठराव्यावर. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला 17 × 29, म्हणजे 493 आघात लागतील आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी थांबतो. म्हणून आवर्तन कानाला लागत नाही. चेलोत वेगळाच फेरा: पाच स्वर, पंधरा कालमूल्यं. ते पाच स्वर पांढरी 1 च्या सा वरून सा, ग, रे, तीव्र म, कोमल नि असे येतात.

हे हातात यायला सोपा रियाज आहे. ढेङ्कीची टाळी द्या, 2-1-2, आणि तोंडाने तेच पाच स्वर त्याच क्रमाने म्हणा. पहिल्या फेरीत सा ग रे, दुसऱ्या फेरीत म नि सा, तिसऱ्या फेरीत ग रे म. सा दर वेळी टाळीच्या वेगळ्या जागी येतो, आणि चौथ्या फेरीत तो दोनऐवजी एकच मात्रा टिकतो. पाच फेऱ्या, 15 स्वर, 25 मात्रा झाल्या की सा पुन्हा पहिल्या टाळीवर येतो. सुरुवातीला म्हणणारे सा आला की टाळीही पहिल्यापासून सुरू करतात; तसं झालं तर थांबा आणि नुसत्या टाळीने पुन्हा उभं राहा.

हे क्वार्टेट पहिल्यांदा वाजलं ते 15 जानेवारी 1941 ला, गोर्लित्सच्या जर्मन युद्धकैदी छावणीत; मेसियाँ स्वतः तिथे कैदी होते. चेलोला तीनच तारा होत्या ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. खुद्द चेलोवादक पास्किए यांनी ती नाकारली आहे, तारा चार होत्या.

सुटून आल्यावर त्याच वर्षी मेसियाँ पॅरिसच्या कॉन्झर्व्हेट्वारमध्ये, म्हणजे संगीतमहाविद्यालयात, शिकवू लागले आणि 1978 पर्यंत शिकवत राहिले. आधी हार्मनी (स्वरसंघातांचं शास्त्र), मग विश्लेषण आणि लय, 1966 पासून अधिकृतपणे रचना. शार्ङ्गदेवाचा तक्ता, ग्रीक छंद, चर्चमधलं जुनं एकसुरी गायन, मोझार्ट, देब्युसी, स्त्राविन्स्की, सगळं एकाच वर्गात. पण त्यांचे विद्यार्थी पाहा: बुलेझ, श्टॉकहाउझेन, क्सेनाकिस, ग्रिझे, बेंजामिन. कुणाचंही संगीत मेसियाँ यांच्यासारखं वाजत नाही. क्सेनाकिस अभियंता होते, वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम करत होते. हार्मनी नव्याने शिकू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मेसियाँ यांनी नको सांगितलं: तुमचं गणित आणि स्थापत्य आहे, तेच संगीतात आणा. घराण्याची शिस्त मोठीच, पण इतक्या वेगळ्या शिष्यांना आपापली वाट सापडू देणं हे शिक्षक म्हणून मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

‘तुरंगलीला’ सिम्फनी मात्र आत्ताच लावू नका. नाव त्याच तक्त्यातल्या तालाचं आहे, पण दहा भाग आणि सव्वा तासाच्या त्या वाद्यगर्दीत लयीचे धागे सुटतात. आधी क्वार्टेटचा सहावा भाग, मग पहिला, आणि पहिल्यात कान फक्त चेलोवर ठेवा.