वॉर्डात नवीन आहेस ना? आधी बेडसोर (पडून राहून दाबाने होणारी जखम) ओळखायला शीक

अगं, घाबरू नकोस. ड्रेसिंगचे प्रकार नंतर येतील. आधी पेशंटला कुशीवर वळव आणि माकडहाड, खुबे, टाचा नीट बघ. लाल डाग दिसला की बोटाने दाबून सोड. पांढरा पडला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर बेडसोर सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघ, जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का.

नव्या मुली हमखास चुकतात ते इथे:
- लाल जागेवर स्पिरिट-पावडर चोळणं. आत आणखी इजा होते.
- अंगाखाली हवेची रिंग (फुगवलेली गोल उशी) देणं. तिच्या कडेवरच दाब येतो. टाचेसाठी पोटरीखाली उशी दे, टाच अधांतरी राहू दे.

साधारण दर २ तासांनी कूस बदल. ओढू नकोस गं, दोघींनी चादरीसकट उचला.