"आमचा विरोध नाही हो मॅडम, पण लग्नच कशाला?"

मुलगा गे आहे किंवा मुलगी लेस्बियन आहे हे कळल्यावर आईवडील सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात तेव्हा "हे बरं होतं का?" हा प्रश्न ठरलेला असायचा, अजूनही येतो, आणि त्याचं उत्तर सोपं आहे, आजारच नाही तर बरं काय करणार. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्येच आजारांच्या यादीतून हे काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये काढलं, आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा मानसिक आजार नाही. पण हल्ली दुसरा एक प्रश्न जास्त ऐकू येतो आणि तो विचारणारे लोक चांगले असतात, मुलांवर जीव असतो त्यांचा, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितेय. "आम्हाला मान्य आहे, राहू दे की दोघी एकत्र, पण लग्नाचा हट्ट कशाला? तसंही कायद्यात बसत नाही ना?"

हा प्रश्न घेऊन एक काका आले होते. त्यांच्या मुलीला आपण सई म्हणू आणि तिच्या जोडीदाराला मुक्ता, बाकीही ओळख पटेल असं सगळं बदललंय. काका बँकेतून रिटायर झालेले. सई एकुलती एक, तिशी ओलांडलेली, मुक्ताबरोबर बरीच वर्षं राहतेय, दोघींनी मिळून फ्लॅट घेतलाय पण लोन सईच्या पगारावर झालं म्हणून कागदावर फ्लॅट एकट्या सईचा, हप्त्यातला अर्धा वाटा मात्र मुक्ता दर महिन्याला न चुकता देते. आता दोघींना घरच्या माणसांसमोर लग्न करायचंय. काकांना मुक्ता आवडते, ते स्वतःच म्हणाले की पोरगी गुणी आहे, माझं बीपीचं औषध सई विसरते पण ही विसरत नाही. मग अडलंय कुठे? तर चारचौघांत जाहीर कशाला करायचं. आणि या 'चारचौघां'मध्ये नीट बघितलं तर एकच माणूस होता, काकांचे थोरले भाऊ, अण्णा.

अण्णांबद्दल नंतर बोलू, आधी काकांच्या प्रश्नाकडे येते.

मी त्यांना विचारलं, बँकेत कुठलं काम जास्त केलंत? म्हणाले शेवटची बरीच वर्षं मयत खातेदारांचे क्लेम बघायचो. मला तर असा माणूस समोर बसला की बरं वाटतं कारण मग मला काही शिकवावं लागत नाही. म्हटलं काका, बोलायला वाईट वाटतंय पण समजा उद्या सईला काही झालं आणि मुक्ता तुमच्या टेबलासमोर येऊन बसली तर तुम्ही तिच्याकडे काय कागद मागाल?

ते सवयीनं सुरू झाले. मृत्यूचा दाखला आणा, नॉमिनी आहात का बघतो, नॉमिनी असाल तर पैसे देऊन टाकतो, बँक मोकळी. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा, वारसांनी नंतर मागितले तर त्याला द्यावे लागतात. नॉमिनी नसाल तर वारस आणा. मी म्हटलं बरं, आणि फ्लॅट? म्हणाले फ्लॅटला वारसच. सईचे वारस कोण? "आम्ही दोघं." आणि तुमच्या दोघांच्या नंतर सईचं काही बरंवाईट झालं, विल केलेलं नसलं तर?

काका हिशोबाला बसल्यासारखे बोटांवर मोजत बसले. हिंदू वारसा कायद्यात बिनलग्नाच्या, मूल नसलेल्या बाईची मालमत्ता आईवडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. वडिलांचे वारस म्हणजे इथे कोण तर सख्खा भाऊ.

"अण्णा," काका म्हणाले. आणि मग चिडून म्हणाले, "म्हणजे जो माणूस तिच्या घराच्या पायरीवर चढत नाही, त्याला ते घर मिळणार?"

तर हो. मुक्तानं भरलेल्या अर्ध्या हप्त्यांसकट. आता लग्न कशाला याचं उत्तर मी द्यायची गरज राहिली नव्हती, पण काका हुशार, लगेच म्हणाले की मग विल करू, लग्नाची काय गरज. विल करायलाच हवं, आणि त्यांनी केलंही. पण मी एकच विचारलं, काका, तुमच्या नि काकूंच्या वेळी लग्नाऐवजी नुसतं विल चाललं असतं का? नवऱ्याबायकोला जे आपोआप मिळतं ते यांनी एकेक कागद करून, वकिलाला पैसे देऊन, वर परत कोणी कोर्टात आव्हान देईल या धास्तीत मिळवायचं. अवयवदानाचा कायदा घ्या. नवरा बायकोला किडनी देऊ शकतो कारण तो 'जवळचा नातेवाईक' आहे, मुक्ता सईला द्यायला गेली तर ती कायद्यानं परकी, तिला समितीपुढे जाऊन आपण का देतोय हे पटवून द्यावं लागेल. मूल दत्तक घ्यायचं तर दोघींपैकी एकीनं सिंगल म्हणून घ्यायचं, दुसरी त्या मुलाची कायद्यानं कोणीच नाही. हे सगळं ज्यांना माहीत नसतं ते म्हणतात लग्न म्हणजे यांना मिरवायचंय. अरे मिरवलं तरी काय बिघडलं, आपण मिरवत नाही का, पण ते सोडा.

काकूंचं तर वेगळंच होतं. त्या दुसऱ्या वेळी आल्या, मला वाटलं रडतील, तर त्या काकांवरच तापलेल्या. म्हणाल्या माझी पोर काय चोरी करतेय का, आपलेपणानं चार माणसं बोलवायची सोडून हे म्हणतात गुपचूप करा, मग मला एकुलत्या एका लेकीच्या लग्नात नवी साडीसुद्धा नेसायची नाही का. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बऱ्याच घरांत आईला विचारलंच जात नाही आणि 'तिला सहन होणार नाही' असं बाकीचे परस्पर ठरवून टाकतात.

आता कायद्याचं, कारण यात लोकांचा फार गोंधळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांच्या संमतीनं असलेल्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून बाहेर काढलं, त्यामुळे हा गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं लग्नाबद्दल निकाल दिला. पाचही जणांचं म्हणणं पडलं की घटनेत लग्नाचा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट, म्हणजे रजिस्टर लग्नाचा कायदा, कोर्ट बदलू शकत नाही, ते काम संसदेचं. लग्न नाही तर निदान सिव्हिल युनियन, म्हणजे जोडपं म्हणून कायदेशीर मान्यता, तरी द्यावी की नाही यावर मात्र तीन विरुद्ध दोन असं झालं आणि ते पण गेलं. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. वाईट वाटलं, माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना तर फारच, काही जण त्या आठवड्यात झोपले नाहीत. पण काकांना मी हे पण सांगितलं की कोर्टानं नोंदणीला नाही म्हटलंय, एकत्र राहायला नाही म्हटलेलं नाही, उलट त्यांना एकत्र राहायचा हक्क आहे आणि त्यांना त्रास देऊ नये हे निकालातच आहे. घरच्यांना बोलावून हार घातले तर कोणी पोलिसात नेत नाही. ते लग्न कायद्याच्या नजरेत लग्न नाही एवढंच. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की जॉइंट अकाउंट काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, आणि रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरायचं पत्रही निघालं. थोडं थोडं मिळतंय, पण तुकड्यातुकड्यानं.

आणि 'हे पाश्चात्त्य फॅड' म्हणणाऱ्यांना नकाशा दाखवावा लागतो. नेदरलँड्सनं २००१ मध्ये सुरुवात केली हे खरं, पण तैवान २०१९, थायलंड जानेवारी २०२५, आणि शेजारच्या नेपाळमध्ये सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशानंतर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली नोंदणी झाली. नेपाळ पाश्चात्त्य कधी झालं मला माहीत नाही.

तर अण्णा. अण्णांनी काकांना जो सल्ला दिला तो मी इथे मुद्दाम लिहितेय कारण विरोध करणारे नेमकं काय वाचवायला निघालेत ते त्यात दिसतं. अण्णा म्हणाले, एक चांगलं स्थळ आहे माझ्या बघण्यात, मुलगा साधा आहे, त्याला काही सांगू नका, लग्न झालं की सगळं रुळावर येतं. आणि हाच माणूस फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'विवाहसंस्था धोक्यात' असे मेसेज फॉरवर्ड करतो!

मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. लग्नसंस्थेची एवढी काळजी असणाऱ्या माणसाला एका अनोळखी मुलाला फसवून लग्नात ओढायला काहीच वाटत नाही? अशा लग्नातल्या बायका माझ्याकडे येतात, नवरा गे आहे हे कुणीच न सांगितलेल्या. वर्षानुवर्षं त्या स्वतःलाच दोष देत असतात, मी जाड आहे, मी दिसायला चांगली नाही, माझ्यातच काहीतरी कमी आहे, आणि सासरच्यांना मात्र आधीपासून सगळं माहीत असतं. नवराही सुखी नसतो, तोही आतून कुजलेला असतो. महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती ही कायद्यातही फसवणूक ठरू शकते आणि त्यावरून लग्न रद्द करून मागता येतं. दोन बायकांनी एकमेकींना खरं सांगून, घरच्यांना खरं सांगून लग्न केलं तर संस्था बुडते आणि खोटं बोलून लावलेल्या लग्नानं ती टिकते, हा हिशोब अण्णांनी मला एकदा समजावून सांगावा. मी काकांकडून निरोपही दिला होता की एकदा येऊन बसा. आले नाहीत.

बाकीचे मुद्दे तर नेहमीचेच. मूल होणार नाही मग लग्न कशाला? पन्नाशीनंतर लग्न करणाऱ्यांकडे रजिस्ट्रार मूल होण्याचा दाखला मागत नाही. समाज तयार नाही? २०२३ मध्ये लग्नाची केस चालू असताना बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं, ठराव केला की देशातले ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक याच्या विरोधात आहेत, म्हणजे अख्ख्या देशाच्या वतीनं बोलून मोकळे. त्याच वर्षी प्यू रिसर्च या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हेत भारतातल्या ५३ टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता असावी असं सांगितलं. सर्व्हे म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, पण निदान त्यात लोकांना विचारलं तरी होतं.

काकांना मी अण्णांचं मन वळवायला सांगितलं नाही. आईवडिलांची निम्मी ताकद त्यातच जाते, सगळे नातेवाईक हो म्हणेपर्यंत पोरांनी थांबायचं, आणि तोवर पोरं चाळिशीला येतात. त्यांना म्हटलं तुम्ही फक्त दोन गोष्टी करा. एक म्हणजे त्या ग्रुपवर गप्प बसू नका, कारण तुमचं गप्प बसणं सई वाचते, अण्णांच्या मेसेजपेक्षा तिला ते जास्त लागतं. काकांनी एक ओळ टाकली, 'माझ्या मुलीच्या बाबतीत हे मेसेज इथे नकोत', आणि मग चार दिवस ग्रुप शांत. सईनं मला नंतर सांगितलं की तिनं त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

दुसरी गोष्ट कागदांची, ती काकांनी माझ्यापेक्षा चांगली केली. दोघींची विलं रजिस्टर करून घेतली, विल अमलात आणायला एक्झिक्युटर नेमला, खाती जॉइंट केली, नॉमिनेशन बदललं, आणि मुक्ता जे हप्ते देते ते रोख न देता बँकेतून ट्रान्सफर करायला लावले म्हणजे उद्या पुरावा राहील. मी त्यात एकच भर घातली, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुठल्याही सज्ञान माणसाला आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे मानसिक आजारात उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारा माणूस, नेमता येतो, रक्ताचं नातं लागत नाही, तो पण कागद करून ठेवा. काका म्हणाले हा फॉर्म मी कधी बघितला नव्हता, आणि लगेच वहीत लिहून घेतलं. लग्न झालं, अण्णा आले नाहीत, त्यांचा मुलगा मात्र बायकोला घेऊन आला होता असं काकू सांगत होत्या.

तुम्ही अशाच पेचात असाल आणि कुणाकडे जायचं ठरवत असाल तर अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी फोनवरच सरळ विचारा, "तुम्ही मुलाला बदलायची ट्रीटमेंट देता का?" समोरून "प्रयत्न करू", "हार्मोनच्या गोळ्या देऊन बघू", "लवकर आलात ते बरं केलंत" असं काहीही आलं तर फोन ठेवा. मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं अशा कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, त्यामुळे असं करणारा माणूस रजिस्टर्ड डॉक्टर असेल तर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. प्रिस्क्रिप्शन आणि पावती फेकू नका, तक्रारीला तीच लागते.